ताउलच्या डोंगरी चर्चमधील भित्तिचित्र बार्सिलोनात कसे गेले?

खानापूरकर:
नमस्कार. येथील कलाप्रेमी मंडळींसमोर बाराव्या शतकातील देवालयांवर मला एक व्याख्यान द्यायचे आहे आणि त्यात हलशीच्या भूवराह-नरसिंह मंदिराबरोबर त्याच शतकातील युरोपातील एखादे डोंगरी चर्च दाखवावे, असा विचार आहे. स्पेनच्या पायरेनीज पर्वतात, वाल दे बोई या खोऱ्यातील ताउल गावचे सांत क्लिमेंत हे चर्च मी त्यासाठी निवडले आहे. त्याचा प्रतिष्ठापना-विधी १० डिसेंबर ११२३ रोजी झाल्याचे तेथील एका खांबावर रंगाने लिहिलेले होते, त्यामुळे काळाबद्दल शंका राहत नाही. मात्र तेथील ख्रिस्ताचे प्रसिद्ध चित्र बार्सिलोनाच्या संग्रहालयात असल्याचे सगळीकडे वाचायला मिळते. गाभाऱ्याच्या अर्धगोल, वर घुमटासारख्या वळलेल्या भिंतीवरचे चित्र उतरवता तरी कसे येते आणि ते मुळात का उतरवले? जाणकारांनी कृपया सांगावे.

चुन्याची भिंत, बेळगाव:
आपली निवड उत्तम आहे. आधी ‘कसे’ ते सांगतो. हे चित्र मुख्यतः ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर रंगवलेले आहे. गिलावा सुकताना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो, त्याच्या पृष्ठभागाचा चुनखडीसारखा कठीण थर होतो आणि रंगाचे कण त्यातच अडकून बसतात. चित्र उतरवणारे कारागीर त्यावर प्राणिज सरसात भिजवलेले कापड चिकटवत. सरस वाळला की आकसतो आणि त्या ताणाने रंगाचा पातळ पापुद्रा भिंतीपासून सुटून कापडाला चिकटून येतो. या पद्धतीला इटालियन भाषेत ‘स्त्रापो’ म्हणतात. ती कापडे गुंडाळून खेचरांवरून डोंगराखाली आणली गेली. पुढे पापुद्र्याला मागून नवे कापड लावून समोरचा सरस गरम पाण्याने काढून टाकण्यात आला. बार्सिलोनाच्या संग्रहालयाने मूळ भिंतीइतकाच वळणदार सांगाडा उभारून त्यावर चित्र बसवले आहे, म्हणून आजही ते मान वर करूनच पाहावे लागते.

‘का’ याचे उत्तर पैशात आहे. १९०७ मध्ये कातालान अभ्यासकांचे, म्हणजे बार्सिलोना ज्याची राजधानी आहे त्या कातालोनिया प्रदेशातील अभ्यासकांचे, एक पथक या खोऱ्यांत फिरून आले आणि तोवर दुर्लक्षित असलेल्या चित्रांचे महत्त्व लोकांना कळले. दुर्दैवाने ते व्यापाऱ्यांनाही कळले. त्याच प्रदेशातील मूर येथील चर्चची चित्रे त्यांनी विकत घेऊन उतरवली आणि ती १९२१ मध्ये अमेरिकेतील बोस्टनच्या संग्रहालयात दाखल झाली. ताउलचेही तेच होऊ नये, म्हणून बार्सिलोनाच्या संग्रहालय मंडळाने १९१९ ते १९२३ या काळात अनेक चर्चांची चित्रे स्वतःच विकत घेऊन उतरवून घेतली; ताउलचे चित्र असे वाचवले गेले. गंमत अशी की, त्यासाठी नेमलेले इटालियन कारागीर व्यापाऱ्यांसाठी काम करणारेच होते.

निपाणीचा वाचक:
वरील माहिती पटते, परंतु ‘वाचवले’ या शब्दावर माझा पूर्ण विश्वास नाही. आपल्या बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्तीचे उदाहरण घ्या. रट्ट राजा चौथ्या कार्तवीर्याच्या काळात बीचिराजाने बांधलेल्या जिनालयाला दिलेल्या दानांचे इ. स. १२०४ चे शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. ते तिथे सुरक्षित आहेत, हे खरे. पण बस्ती पाहायला येणाऱ्याला तिच्या जन्माची नोंद समोर मिळत नाही, हेही तितकेच खरे. निदान ताउलचे चित्र त्याच प्रदेशाच्या राजधानीत राहिले, एवढा फरक मी मान्य करतो.

खानापूरकर:
दोघांचेही आभार. एक उपप्रश्न विचारतो: अजिंठ्याची चित्रे अशी उतरवता आली असती का?

चुन्याची भिंत, बेळगाव:
माझ्या मते ते घातकच ठरले असते. अजिंठ्याचा गिलावा मातीचा, त्यात तूस, गवत यांसारखे तंतू मिसळलेले आणि रंग कोरड्या पृष्ठभागावर चिकट माध्यमात कालवून लावलेले. म्हणजे पाणी व ओढ सोसणारा चुन्याचा कठीण थर तिथे नाहीच. योगायोग असा की, पायरेनीजमध्ये ही कामे चालू असतानाच, १९२०–२२ मध्ये, निजामाच्या राज्याने चेक्कोनी व ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना अजिंठ्याला आणले होते. त्यांनी चित्रे जागच्या जागी घट्ट बसवली, हे मोठेच काम. मात्र त्यांनी वापरलेले लाखेचे वॉर्निश पुढे पिवळे पडले आणि ते काढण्यात नंतरच्या रसायनतज्ज्ञांची बरीच वर्षे गेली.

हुक्केरीकर:
चर्चमध्ये काय उरले, याबद्दल थोडे लिहितो, कारण व्याख्यानात वास्तूही यायला हवी. तीन दालनांची ही दगडी इमारत दोन रांगांतील गोल खांबांवर उभी आहे. वर दगडी कमान न घालता लाकडी छप्पर आहे आणि त्यावर पाटीच्या दगडाची कौले आहेत. तिच्या शेजारचा चौकोनी, सहा मजली घंटामनोरा मला चित्राइतकाच महत्त्वाचा वाटतो. त्याचे झरोके व लहान आंधळ्या (आरपार उघड्या नसलेल्या) कमानींची पट्टी ही उत्तर इटलीतून आलेल्या गवंड्यांची शैली आहे. खोऱ्यातील अशा नऊ चर्चांना २००० मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले.

गाभाऱ्यात विसाव्या शतकाच्या मध्यापासून चित्राची नक्कल होती. ती काढल्यावर स्त्रापोच्या वेळी भिंतीतच राहून गेलेले मूळ रंगांचे अवशेष दिसू लागले आणि २०१३ पासून त्यांच्यावर प्रकाशाच्या झोतांनी संपूर्ण चित्र दाखवले जाते. व्याख्यानात मधला ख्रिस्त, त्याच्या हातातील ‘मी जगाचा प्रकाश आहे’ असे लॅटिनमध्ये लिहिलेले पुस्तक आणि ऐरिनाइट या पायरेनीजमध्ये सापडणाऱ्या खनिजाचा निळा रंग दाखवालच. पण त्याआधीच्या कमानीवरील, बायबलच्या गोष्टीत श्रीमंताच्या दाराशी पडून असलेल्या गरीब लाजरसच्या जखमा चाटणारा कुत्रा वगळू नका. मधल्या आकृतीचा सगळा रेखीव कडकपणा पाहून झाल्यावर त्याच भिंतींवर इतकी साधी, दारातली गोष्ट रंगवलेली आहे, हे श्रोत्यांना दाखवण्याजोगे आहे.