घोड्याच्या पोटशूळाबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी पशुवैद्यकीयची विद्यार्थिनी, सध्या पुण्यात घोड्यांच्या एका दवाखान्यात इंटर्नशिप करतेय. कॉलेजात गाई-म्हशी भरपूर हाताळल्या, घोडा मात्र पुस्तकातच जास्त पाहिला.

परवा रात्री पोटशूळ झालेली घोडी आली. सारखी कुशीकडे वळून बघत होती, पुढच्या पायाने जमीन उकरत होती. नाडी ६४, निरोगी मोठ्या घोड्याची साधारण २८ ते ४४ असते. घोड्याला उलटी होत नाही, जठर फुटायची भीती, म्हणून डॉक्टरांनी आधी नाकातून नळी घातली. मी आतड्यांचे आवाज ऐकायला स्टेथोस्कोप लावला, तर उजव्या कुशीत मला काहीच ओळखता येईना! घोडी वाचली, पण ती रात्र डोक्यातून जात नाही.

घोड्यांवर काम केलेल्या डॉक्टरांना विचारायचंय: आवाज खरंच कमी झालेत की मलाच ऐकू येत नाहीत, हे कसं ओळखायचं? आणि वेदनाशामकाने घोडा शांत झाला, तरी ऑपरेशनला पाठवायची वेळ तुम्ही कशावरून ठरवता? पुढे मला माथेरानच्या घोड्यांसाठी काम करायचंय. तिथे गाड्या गावाबाहेरच्या दस्तुरी नाक्यापर्यंतच, त्यामुळे उशीर परवडायचा नाही.