बर्फाखालच्या पाण्याने कोरलेल्या वाटेला मराठीत काय म्हणावं?

कोरीपाटी: मुलांच्या विज्ञान-मासिकासाठी एक लेख मराठीत आणतेय. हिमयुगात उत्तर युरोपवर बर्फाचा जाड थर होता. त्याच्या तळाशी वितळलेलं पाणी वाहून जमिनीत लांबच लांब दऱ्या कोरल्या गेल्या, त्यांच्याबद्दल आहे. शब्दाला शब्द ठेवला तर 'बोगदा-दरी' होतं आणि मला कसारा घाटच दिसायला लागतो. शिवाय 'वितळलेलं पाणी' दर दोन ओळींनी येतंय, तेही खटकतंय. सुचवा.

जुनेमास्तर: खटकणारच. पाणी कुठे वितळतं? वितळतो तो बर्फ. 'सांडपाणी' चालतं तसं 'वितळपाणी' करा, मुलांना अर्थ सांगावा लागणार नाही. आणि कृपा करून 'बर्फ विरघळला' लिहू नका. साखर विरघळते, बर्फ वितळतो. हल्ली वर्तमानपत्रातसुद्धा सरमिसळ असते. दरीसाठी 'घळ' घ्या, छोटा आणि आपला शब्द आहे.

दगडधोंडे: वितळपाणी झकास. घळीला मात्र माझा विरोध. घळ, ओढा, नाला काहीही म्हटलं तरी वाचकाच्या मनात पाणी उताराने खाली जातं. इथे तसं होत नाही, आणि गंमत तिथेच आहे.

बर्फाखालचं पाणी मोकळं नसतं, दाबाखाली असतं. डोक्यावर १ किलोमीटर बर्फ असेल तर त्या वजनाने पाण्याचा स्तंभ सुमारे ९०० मीटर उचलला जाऊ शकतो. त्यामुळे पाण्याची दिशा ठरते ती मुख्यतः बर्फाच्या वरच्या पृष्ठाच्या उतारावरून. जमिनीच्या उतारापेक्षा त्याचा जोर साधारण ११ पट. म्हणजे तळाची जमीन चढती असली तरी पाणी खुशाल चढ चढून बर्फाच्या कडेकडे जातं. म्हणून या दऱ्यांचा तळ नदीसारखा एकसारखा उतरत नाही. मध्येच खोल जातो, मग वर येतो, पुन्हा खोल. काही ठिकाणी दोन्ही टोकं उथळ आणि मधला भाग सगळ्यात खोल. नदीला हे जमत नाही.

पाणचक्की: आमच्या औरंगाबादच्या (आता संभाजीनगर) पाणचक्कीत पाणी दूरच्या डोंगरातून मातीच्या नळांनी येतं आणि भिंतीत चढून वरून हौदात पडतं. लहानपणी कोडंच वाटायचं. तसंच का?

दगडधोंडे: बंद नळातलं दाबाखालचं पाणी, इतकं साम्य आहे. तुमच्याकडे दाब येतो तो उगम उंचावर असल्यामुळे, इथे बर्फाच्या वजनाने. आणखी एक फरक. मातीचा नळ आपला आकार धरून असतो, बर्फाचा नळ सतत बदलतो. वाहत्या पाण्याच्या घर्षणाच्या उष्णतेने भिंती वितळून तो रुंदावतो आणि बर्फाच्या भाराने आवळत जातो. पाणी कमी झालं की आवळणं जिंकतं.

पाणचक्की: मग 'मोरी' म्हणा की! रस्त्याखालून पाणी जातं ती मोरी. वर भार, खाली पाणी.

कोरीपाटी: मोरी म्हटलं की मुलं न्हाणीघरात जाऊन पोचतील. पण कल्पना आवडली.

बर्लिनकर: उशिरा आलो. आमच्या इथे ग्रुनेवाल्ड जंगलात तळ्यांची एक माळ आहे, श्लाख्टनझे, क्रुमे लांके वगैरे. लांबट, अरुंद, एकामागे एक. ती याच प्रकारच्या कोरीव वाटेत साचलेली. जर्मन त्या वाटेला 'रिने' म्हणतात आणि छपराच्या कडेला पावसाचं पाणी झेलणाऱ्या पत्र्यालाही 'डाख-रिने'च. तज्ज्ञांनी घरचा शब्द उचललाय. मराठीत तो तयार आहे: पन्हळ!

जुनेमास्तर: पन्हळ वरून उघडी असते हो. तुमचं पाणी तर झाकलेलं.

बर्लिनकर: तेव्हा झाकलेलं होतं. आज बर्फ कुठे आहे? दिसतं ते उघडंच.

दगडधोंडे: हा मुद्दा महत्त्वाचा आहे. आपण दोन गोष्टींना एक शब्द शोधत होतो. पाणी वाहत होतं तो नळ, आणि बर्फ गेल्यावर जमिनीत उरलं ते. शास्त्रातही बर्फात वरच्या बाजूला कोरलेला नळ आणि खाली खडकात कोरलेला चर असे दोन प्रकार वेगळे धरतात. रोथलिसबर्गर आणि नाय या दोघांच्या नावांनी ते ओळखले जातात. माझं मत: पहिल्यासाठी मोरी किंवा सरळ 'नळ', दुसऱ्यासाठी पन्हळ.

आकाराने मात्र फसू नका. अंटार्क्टिकात राईट खोऱ्याच्या वरच्या टोकाला लॅबिरिंथ नावाचा भाग आहे. तिथे डोलेराइटच्या काळ्या खडकात (आपल्या बेसाल्टचा भाऊच) ६०० मीटरपर्यंत रुंद आणि २५० मीटरपर्यंत खोल पन्हळी आहेत. उत्तर समुद्राच्या तळाखाली आणि उत्तर जर्मनीत तर ४०० मीटरपेक्षाही खोल आहेत, पण वाळू-मातीने बुजलेल्या, वरून पत्ताही लागत नाही. डेन्मार्कमध्ये अशा बुजलेल्या पन्हळींतून पिण्याचं पाणी उपसतात.

जुनेमास्तर: ४०० मीटरची पन्हळ! बरं, घळ मागे घेतो. क्रियापद तरी जपा: बर्फ *खरडतो*, पाणी *कोरतं*. दोघांनाही 'झीज करतो' लिहिलं की सगळं सपाट होतं.

कोरीपाटी: मग असं लिहितेय: 'बर्फाच्या पोटात पाण्याने नळ पाडला, नळाखालची जमीन कोरली; बर्फ गेला आणि जमिनीत पन्हळ उरली.' मथळ्यात 'हिमपन्हळ' चालेल?

बर्लिनकर: चालेल. आणि तो नळ वाळू-गोट्यांनी भरून मागे जो नागमोडी बांध उरतो, त्याचं काय करताय? एस्कर?

कोरीपाटी: तो तसाच ठेवते. आयरिश लोकांचा घरचाच शब्द आहे तो.

जुनेमास्तर: 'बांध' तुम्हीच म्हणालात की आत्ता. शेताच्या बांधासारखाच दिसतो ना?

दगडधोंडे: दिसतो. पण बांध कुणीतरी घालतं, मास्तर.