गावातली ख्रिस्ती दफनभूमी शेजाऱ्याच्या गटात: अदलाबदल कशी करावी?

भीमाकाठ:
मोहोळ तालुक्यातलं गाव. अमेरिकन मराठी मिशनच्या काळातलं छोटं चर्च गावठाणात आहे, तिथे वाद नाही. मंडळीची (चर्चच्या सभासदांची) दफनभूमी मात्र शेजारच्या शेतकऱ्याच्या गटात, साधारण ८ गुंठे. चर्चच्या ट्रस्टचे १२ गुंठे जिरायत त्याच्या विहिरीला लागून आहेत. ते घेऊन कबरींची जागा द्यायला तो तयार आहे. मंडळीचे पंच म्हणतात, सरकारच्या 'सलोखा' योजनेत हजार रुपयांत दस्त होतो. खरं का? की नोटरी पुरेल?

गटबुक:
नोटरी विसरा. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ११८ प्रमाणे अदलाबदलही खरेदीसारखीच नोंदणीकृत दस्तानं होते. सलोखा योजना तुम्हाला लागू नाही. ती शेतकऱ्यांच्या आपसातल्या शेतजमिनीसाठी. ह्याची जमीन त्याच्याकडे, त्याची ह्याच्याकडे, असा ताबा किमान १२ वर्षं हवा. तुमचे १२ गुंठे ट्रस्टच्याच ताब्यात आहेत, मग उलटा ताबा कुठला?

मुद्रांक शुल्क दोन्ही जमिनींवर वेगवेगळं नाही, जास्त किमतीच्या एकीवरच. समजा रेडी रेकनरनं (सरकारी दरपत्रकानं) एक ८ लाखांची आणि दुसरी ५ लाखांची, तर ८ लाखांवर. नोंदणी फी १ टक्का, कमाल ३० हजार.

धर्मादाय फाइल:
त्याच्या आधी ट्रस्टकडे या. सार्वजनिक न्यासाची स्थावर मिळकत विकायची, बदलायची वा बक्षीस द्यायची तर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. ती नसेल तर दस्त वैध ठरत नाही, मग दुय्यम निबंधकानं नोंदवून घेतला असला तरी. अर्जासोबत विश्वस्तांचा ठराव, परिशिष्ट १ चा (ट्रस्टच्या नोंदणीचा) उतारा, दोन्ही जमिनींचं नोंदणीकृत मूल्यांककाकडून मूल्यांकन आणि 'ट्रस्टच्या हिताचं कसं' याचं नेमकं कारण जोडा. १२ देऊन ८ घेताय, हा प्रश्न येणारच. उत्तर तयार ठेवा: कबरी हलवता येत नाहीत.

आणि ट्रस्ट म्हणजे नेमका कोणता? जिल्ह्यातल्या जुन्या मिशनच्या जमिनी सातबाऱ्यावर कुठे मिशनच्या, कुठे मंडळीच्या, कुठे एखाद्या पंचाच्या नावावर दिसतात. १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाल्यावर नावांचा गोंधळ आणखी वाढला. ज्याचं नाव, त्यानंच अर्ज करायचा.

पोटहिस्सा:
शेतकऱ्याच्या बाजूनं दोन अडथळे. ट्रस्ट शेतकरी नसल्यानं कूळकायद्याच्या कलम ६३ खाली जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागेल. शिवाय जिरायतीचं प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे पाडता येणारा किमान तुकडा, २० गुंठे. ८ गुंठ्यांचा नवा तुकडा पाडला की तुकडेबंदी आडवी येते. अकृषिक वापर आणि तुकडा, दोन्ही विषय दस्ताआधी महसूलकडून लेखी मिटवा. जमीन महार वतनाची निघाली, तर तीही परवानगी वेगळी.

मोजणी भूमी अभिलेखकडून करा, आणि मोजणीदाराला कबरींच्या बाहेरच्या ओळीपासून हद्द दाखवा. झाडी वाढलेली असते. दगड नसलेल्या कबरी मातीच्या उंचवट्यावरून ओळखायच्या आणि शेवटच्या ओळीपलीकडे काही फूट सोडायचे. रस्ता विसरू नका. दफनभूमी मिळाली पण शवपेटी बांधावरून न्यावी लागते, असा दस्त निरुपयोगी. रुंदी फुटात लिहा, 'वहिवाटीप्रमाणे' नको.

भीमाकाठ:
गट सातबाऱ्यावर पूर्ण लागवडीलायक दाखवलाय. त्यानं फरक पडतो?

पोटहिस्सा:
पडतो. दफनासाठी वापरात असलेलं क्षेत्र पोटखराब (लागवडीलायक नसलेल्या) वर्ग ब मध्ये येतं. तशी नोंद जुन्या फेरफारात, आकारफोडीत (पोटहिश्शांच्या आकारणीच्या नोंदीत) सापडते का बघा. सापडली तर हा सौदा नुसता 'जमिनीला जमीन' राहत नाही, मूल्यांकनही बदलेल.

धर्मादाय फाइल:
मालकीच्या नोंदींचा शोध अहवाल ३० वर्षांचा घ्या आणि शेतकऱ्याच्या बहिणी, चुलते यांच्या सह्या किंवा हक्कसोड दस्त आधी मागा. कलम ११९ म्हणतं, मिळालेल्या मालमत्तेत मालकीदोष निघाला तर तुमची जमीन परत किंवा भरपाई मागता येते. पण त्या ८ गुंठ्यांतल्या कबरींचं काय, ते कलमात नाही.

दस्तानंतर फेरफार, हरकतीसाठी १५ दिवस, मग मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी. न्यासाचा बदल अर्ज (मिळकत बदलल्याची नोंद करण्यासाठी) ९० दिवसांत सोलापूरच्या धर्मादाय कार्यालयात. फेरफार होण्याची वाट बघत बसू नका, मुदत दस्ताच्या तारखेपासून धरतात.