अनुभव धागा: लोटिस्मा आणि आपापल्या गावची वाचनालयं

चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर, म्हणजे आपलं लोटिस्मा, 1864 सालचं. रत्नागिरीचं नगर वाचनालय त्याहून जुनं, 1828चं. अध्यक्षांच्या याद्या स्मरणिकेत सापडतात, त्या इथे नकोत. तुमचं खातं कुणी काढलं, दंड कशाचा भरलात, काय वाचायला मिळालं नाही, ते लिहा. कुठल्याही गावचं चालेल. ‘वाचनसंस्कृती’ हा शब्द टाळलात तर आभारी राहीन.

माहेर चिपळूण, आता डोंबिवली
खातं आईचं, फेऱ्या माझ्या. तिची अट एकच, वाचलेलं आणायचं नाही. पण नावं तिच्याच लक्षात राहायची नाहीत. म्हणून वाचून झालं की पान 31च्या कोपऱ्यात ती पेन्सिलीने बारीक फुली मारायची. मी कपाटापाशी उभ्याने पान 31 उघडायचे, तर तिथे आणखी कुणाकुणाच्या खुणा: टिंब, त्रिकोण, एक ‘सु’. खुणांची गर्दी दिसली की कादंबरी चांगली असणार! आईची फुली नसेल तर बिनदिक्कत उचलायची. ‘पुस्तकावर लिहू नये’ ही पाटी समोरच होती. दिवाळी अंक आमच्या हाती येईपर्यंत शिमगा यायचा, आणि शब्दकोडं कुणीतरी सोडवलेलं असायचं. तेही चुकीचं.

बाजारपेठ, चिपळूण
22 जुलै 2021. दुकानात 2005च्या पुराची खूण होती, तिच्या वर माल चढवला आणि निर्धास्त झालो. पाणी त्याच्याही वर गेलं. लोटिस्मातही शिरलं. दुकान धुऊन झाल्यावर तिकडे हात लावायला गेलो. पुस्तक भिजलं की फुगतं हे ठाऊक होतं. पण गच्च लावलेल्या कप्प्यातली सगळी एकदम फुगली की एकही ओढून निघत नाही. छापलेली अक्षरं शाबूत, शाईच्या पेनाने लिहिलेली वाहून गेलेली. गुळगुळीत कागदाची तर वीटच झालेली. जुलैत ऊन कुठलं मिळायला? पानापानांत रद्दी घालायची, पंख्याखाली ठेवायचं, आणि बुरशी आधी येते की आपण, एवढीच शर्यत.

माजी कार्यवाह, घाटावरचं ‘ब’ वर्ग वाचनालय
आपल्या राज्याच्या 1967च्या ग्रंथालय कायद्यात ग्रंथालय कर नाही, त्यामुळे सगळी मदार सरकारी अनुदानावर. 2022 साली त्यात 60 टक्के वाढ झाली, तरी सेवकांचा पगार सांगायची लाज वाटते.
संस्थेचा इतिहास लिहायला घेतला तेव्हा इतिवृत्तांपेक्षा दाखल रजिस्टर, म्हणजे आलेल्या पुस्तकांची नोंदवही, कामी आलं. एका वर्षी सलग कायद्याचीच पुस्तकं, सगळी देणगी: गावातले वकील वारले आणि वाडा रिकामा झाला. एका वर्षी खरेदीचा रकाना कोराच. शेवटच्या रकान्यात शेरे: ‘जीर्ण’, ‘गहाळ’, ‘किंमत वसूल’. सर्वांत जास्त गहाळ काय? पाककृती आणि घरगुती औषधं. अध्यात्म एकही गहाळ नाही.

सांगली जिल्हा
आमच्याकडे कपाटांना कुलूप असायचं. यादीतला नंबर चिठ्ठीवर लिहून द्यायचा, आत जायचं नाही. पण तिथवर पोचणंच अवघड. सभासद व्हायला दोन सभासदांची शिफारस लागे. आमच्या वस्तीत सभासदच नव्हते, तर शिफारस आणायची कुठून? नियम सगळ्यांना सारखाच, हे मात्र दर वेळी ऐकवत. शेवटी शाळेतल्या बाईंनी सही दिली. दुसरी पोस्टमनकाकांनी, सायकल भिंतीला लावून, सीटवर फॉर्म ठेवून. पुढे वस्तीतल्या पोरांच्या फॉर्मवर सगळीकडे एक सही माझी. जुने फॉर्म ठेवले असतील तर बघा म्हणावं.

नागपूर
दंड 75 पैसे. वडिलांनी भरला नाही, पुस्तकच ठेवून घेतलं.

अभ्यासिका, वरचा मजला
मी राज्यसेवेची तयारी करतो. खाली पुस्तकं आहेत असं ऐकून आहे. हसा खुशाल, पण आमच्या फीवरच विजेचं बिल निघतं, हे कार्यवाहकाका स्वतः सांगतात. तक्रार एकच. सकाळी पेपर वाचायला येणारे आजोबा संपादकीय कापून नेतात. एकदा पकडलं, तर म्हणाले, ‘‘नातवासाठी रे, तोही राज्यसेवेलाच बसलाय.’’