स्तंभनिहाय क्रमवारी: स्वतंत्र आज्ञा हवी की ट्रान्सपोज (ओळी-स्तंभांची अदलाबदल) पुरे?

दादरकर (चर्चाप्रस्ताव): मॅट्रिक्सचा (ओळी-स्तंभांत मांडलेल्या आकड्यांच्या तक्त्याचा) प्रत्येक स्तंभ चढत्या क्रमाने लावायचा असेल, तर मॅटलॅब या संगणकभाषेत नुसत्या सॉर्ट या आज्ञेने काम भागते. डायलॉग एपीएल या चिन्हांच्या संगणकभाषेत मात्र ⍋ हे चिन्ह क्रमवारी लावतच नाही, फक्त चढत्या क्रमाचे अनुक्रमांक देते, आणि तेही संपूर्ण ओळ हा एक घटक धरून. (३, १), (१, २), (२, ०) या ओळी त्या क्रमाने लावल्या की (१, २), (२, ०), (३, १) हाती येते. मला हवे असते (१, ०), (२, १), (३, २). इतक्या नित्याच्या कामाला स्वतंत्र आज्ञा असायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

कुलाबावासी: असहमत. एपीएलच्याच कुळातल्या ‘जे’ (J) या भाषेत हेच काम असे होते:

`/:~"1&.|:`

ट्रान्सपोज करा, प्रत्येक ओळ लावा, पुन्हा ट्रान्सपोज करा; यातला शेवटचा टप्पा `&.` ही खूण आपणहून उरकते. आज स्तंभासाठी आज्ञा दिली, तर उद्या त्रिमितीय अ‍ॅरेच्या प्रत्येक अक्षासाठी मागणी येईल. एपीएलचे जनक केनेथ आयव्हरसन यांनी १९७९च्या ट्युरिंग व्याख्यानात चांगल्या चिन्हलिपीच्या गुणांत काटकसरही मोजली होती, ती काही उगाच नव्हे.

दादरकर: काटकसर मान्य, पण नवशिक्याला ही नऊ खुणांची रांग वाचता येणार आहे का? शिवाय दोनदा ट्रान्सपोज म्हणजे सगळा डेटा दोनदा हलवणे आले.

कुलाबावासी: ओळीओळीने साठवलेल्या मॅट्रिक्समध्ये स्तंभाचे घटक मेमरीत विखुरलेलेच असतात, त्यामुळे स्वतंत्र आज्ञा दिली तरी तो भुर्दंड पूर्णपणे टळत नाही.

गोरेगावकर: आपण दोघेही मूळ धोक्याबद्दल बोलतच नाही आहात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, कुलाब्याला जेमतेम ७३. ओळीला तारीख आणि स्तंभाला केंद्र अशा तक्त्यातला प्रत्येक स्तंभ वेगळा लावला, की दोन्ही केंद्रांचे उच्चांक शेवटच्या ओळीत शेजारी बसतात आणि दोन्हीकडे एकाच दिवशी आभाळ फाटले, असा भलताच समज होतो. असे काम थोडे अवघड असलेलेच बरे.

दादरकर: मध्यक किंवा शतमके (पर्सेंटाइल) काढताना तारखेशी काय देणेघेणे? तिथे प्रत्येक स्तंभ वेगळाच लावावा लागतो.

कुलाबावासी: आणि तारखाही हव्या असतील, तर प्रत्येक स्तंभावर ⍋ वेगळे चालवून मिळालेले अनुक्रमांक जपून ठेवावेत, कोणता आकडा कोणत्या ओळीतून आला, हे त्यांवरूनच कळते. ज्याबद्दल प्रस्तावात तक्रार आहे, ते हेच चिन्ह.