आग्नेथा फेल्टस्कोग: ‘अ‍ॅबा’ने एक संगीतकार गिळली का?

सांजधारा:
‘अ‍ॅबा’ या स्वीडिश पॉप गटाचा विषय निघाला की त्यातली गायिका आग्नेथा म्हणजे सोनेरी केस आणि गळा, एवढ्यावरच गाडी थांबते. योन्शोपिंगच्या या मुलीने सतराव्या वर्षी स्वतःच लिहून, चाल लावून ‘याग वार सो शेर’ गायलं आणि १९६८च्या जानेवारीत ते स्वीडनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. ‘अ‍ॅबा’चा तेव्हा पत्ताही नव्हता. १९७५च्या तिच्या स्वीडिश अल्बममध्ये अकरापैकी दहा चाली तिच्या. अकरावं गाणं ‘अ‍ॅबा’ची गाणी रचणाऱ्या बेनी आणि ब्योर्नचं (ब्योर्न तेव्हा तिचा नवरा) ‘एसओएस’. आणि ‘अ‍ॅबा’च्या अल्बमांत? १९७३चं ‘डिसइल्यूजन’, बस्स. दोघा पुरुषांनी सगळी जागा अडवली.

ठोकताळा:
अडवली वगैरे काही पटलं नाही. १९८२नंतर ‘अ‍ॅबा’ थांबलं, मग कोण आडवं आलं? १९८३च्या एकल अल्बममध्ये तिची चाल एक. १९८५मध्ये पुन्हा एकच. १९८७मध्ये तीही नाही. २००४चा अल्बम तर पूर्ण दुसऱ्यांच्या जुन्या गाण्यांचा. मैदान मोकळं असताना बाई उतरल्याच नाहीत, त्याला ब्योर्न काय करणार?

सांजधारा:
दहा वर्षं दुसऱ्यांच्या चाली गायल्यावर हात बसतो का लगेच? त्यात १९७३ला मुलगी, १९७७ला मुलगा. बेनी-ब्योर्न चाली रचत बसायचे तेव्हा घर कोण बघत होतं, हेही विचारा की. १९७९च्या दौऱ्यात तिने पियानोवर बसून स्वतःचं ‘आय’म स्टिल अलाइव्ह’ गायलं. मंचावर चाललं, मग ‘अ‍ॅबा’च्या अल्बममध्ये का नाही?

कोमल_निषाद:
तुम्ही दोघंही चालीच मोजताय. ‘द विनर टेक्स इट ऑल’ घ्या. शब्द ब्योर्नचे, घटस्फोट त्याचा आणि आग्नेथाचा, आणि गायला उभी ती. शेवटच्या कडव्यांत आवाज जिथे चिरतो, ते कुठल्या नोटेशनमध्ये लिहिलेलं नसतं. तिला संगीतकार ठरवल्याशिवाय मोठं म्हणता येत नसेल, तर गाण्याला आपण कमीच लेखतो.

ठोकताळा:
+१. यावर वाद नाही.

सांजधारा:
माझा आहे. गळ्याचं कौतुक जग पन्नास वर्षं करतंय. २०१३च्या ‘ए’ अल्बममध्ये, त्रेसष्टाव्या वर्षी, तिने योर्गेन एलोफसनबरोबर पुन्हा एक गाणं रचलं. हौस मेली असती तर ते आलं कुठून?

ठोकताळा:
एक. तेही भागीदारीत.