बोरामणी झालं, आता दगडी थडगी कुठं बघायची?

माळरान: रविवारी बाबांना सोलापूरजवळच्या बोरामणीच्या माळावरचा दगडी चक्रव्यूह दाखवला. गोल 15 वेढे. बाबांचं एकच, "हे कुणाचं तरी थडगं." पैज लागलीय. नवाश्मयुगातली, म्हणजे धातू वापरात यायच्या आधीची, दगडी थडगी सोलापूरहून गाडीनं जाऊन बघण्यासारखी कुठं आहेत? बाबा 68 चे, गुडघे कुरकुरतात.

होटगीरोड: पैज तुमची, तो चक्रव्यूह थडगं नाही. पण 'नवाश्मयुगातली' म्हणालात तिथं तुम्हीपण चुकलात. आपल्या दख्खनात मोठ्या शिळांची थडगी बहुतेक लोहयुगातली, म्हणजे लोखंड वापरात आल्यावरची. बघायची तर कोप्पळ जिल्ह्यातलं हिरेबेणकल, गंगावतीजवळ. मी विजयपूर, इलकल, कुष्टगी करत गेलतो. पहाटे निघूनही डोंगर चढायला भर दुपार झाली, हे गाढवपण तुम्ही करू नका. आदल्या रात्री गंगावतीत मुक्काम करा.

खाली गावात मोडक्या कन्नडमध्ये "हळे गोरी एल्ली?", म्हणजे जुनी थडगी कुठं, विचारत सुटलो. एका पोरानं नेऊन दर्ग्यापुढं उभं केलं! त्याचं काय चुकलं? तिथं "मोर्यर मने" म्हणायचं. मोर्य म्हणजे बुटकी माणसं, ही त्यांची घरं. वर गेल्यावर पटतं. उभ्या फरश्या, डोक्यावर एक आडवी, आणि पुढच्या फरशीला गोल भोक. मी डोकं घातलं, खांदे अडकले. आत गारवा आणि शेळ्यांच्या लेंड्या. अशी लहानमोठी शेकडो. नगाऱ्यासारखा एक अर्धगोल धोंडाही आहे, ठोकला की घुमतो.

बाबांचं मात्र अवघड आहे. चांगली तासाभराची दगडातली चढण.

माळरान: मग बाबांना कुठं नेऊ?

भीमाकाठ: पुण्याला, डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात. शिरूर तालुक्यात घोडनदीकाठी इनामगाव आहे, तिथं त्यांनी 1968 पासून खोदकाम केलं. ते ताम्रपाषाणयुगातलं, तांब्याची न् दगडाची हत्यारं चालायची तेव्हाचं, म्हणजे हिरेबेणकलच्याही आधीचं. मेलेलं लेकरू दोन रांजणांत, तोंडाला तोंड लावून, घरातल्याच जमिनीखाली पुरायचे. मोठ्या माणसांचे पाय घोट्याखाली तोडलेले सापडले. भूत होऊन चालू लागू नये म्हणून, असा अभ्यासकांचा अंदाज.

जाता जाता, कर्नाटकातल्या शोरापूर-जेवर्गीकडची दगडांच्या ढिगांखालची थडगी उकरून नोंदवणारा इंग्रज अधिकारी मेडोज टेलर 1853 मध्ये आपल्या नळदुर्गला कारभार बघायला होता. किल्ला बघताना बाबांना सांगा.

माळरान: वाचून दाखवलं. म्हणाले, "माझे पाय तोडायची गरज नाही, गुडघ्यांनीच बंदोबस्त केलाय." पैजेचे पैसे अजून दिले नाहीत.